शेवटचा आकडा पाहून उत्तर देऊ नका

वाचकहो, आपल्या वस्त्यांतली बरीच मुलेमुली हल्ली नेटवर्किंगचे वर्ग करतात. आईबापांनी ओव्हरटाइम करून फी भरलेली असते. मुलाखतीत मात्र ती एका प्रश्नावर अडखळतात : अमुक आयपी पत्ता यंत्राला देता येईल काय? ‘शेवटी ० किंवा २५५ असेल तर नाही,’ हे पाठ केलेले उत्तर. ते अर्धेच खरे आहे.

आयपी पत्ता म्हणजे चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. सोबतचा मास्क सांगतो की चाळ कुठे सुरू होते नि कुठे संपते. पहिला क्रमांक खुद्द चाळीचा. शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे चौकात उभे राहून सर्व खोल्यांना मारलेली हाक. या दोन क्रमांकांवर कोणी राहत नाही. मधले सारे यंत्रांचे.

आता हिशेब करू. पत्ता १९२.१६८.१०.७७, मास्क २५५.२५५.२५५.१९२. २५६ मधून १९२ वजा केले, उरले ६४. म्हणजे चाळी ०, ६४, १२८ आणि १९२ वर सुरू होतात. आपला ७७ हा ६४ च्या चाळीत. पुढची १२८ ला सुरू होते, म्हणून हिचा शेवट १२७. राहण्याजोगे ६५ ते १२६, एकूण ६२. इथे प्रिंटरला १२७ दिलात तर तो चालणार नाही, शेवटी २५५ नसूनही!

आता उलट पाहा. मास्क २५५.२५५.२५४.० असेल तर चाळ १९२.१६८.१०.० पासून थेट १९२.१६८.११.२५५ पर्यंत, ५१२ क्रमांकांची. तिच्यात १९२.१६८.१०.२५५ आणि १९२.१६८.११.० हे दोन्ही मधलेच, यंत्राला खुशाल द्यावेत. घोकंपट्टी करणारा नेमका इथे फसतो. आणि वजाबाकी तर आपल्या चौथीतल्या पोरालाही येते.

एक अपवाद आहे. दोनच राऊटर समोरासमोर जोडायचे असतील, मास्क २५५.२५५.२५५.२५४, तर दोन्ही क्रमांक वापरता येतात. हा नियम २००० साली आला.

घरी करून पाहा : १७२.१६.५.१५९, मास्क २५५.२५५.२५५.२२४. यंत्राला चालेल? चाळी ३२-३२ च्या. १५९ हा १२८ च्या चाळीतला शेवटचा. नाही चालणार.