फरशी बदलून रस्ता जागा होत नाही



गणेशोत्सवात आरती झाल्यावर नेहमीप्रमाणे प्रसादाच्या ताटाभोवती गप्पांचा फड जमला होता. विषय निघाला आखनच्या पूर्वेकडच्या वस्तीचा, म्हणजे ओस्टफिर्टेलचा. तिथल्या रस्त्यांवरची दुकाने टिकावीत म्हणून सरकारी पैसा खर्च व्हावा का, यावर मतभेद झाले. आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ काका, ज्यांची इथे तीस वर्षे नोकरी झाली, म्हणाले, "अरे, जे दुकान चालत नाही ते बंद पडणारच. त्यावर आपल्या कराचे पैसे कशाला ओतायचे? आणि तुम्ही तरुण मंडळी तर सगळा माल घरबसल्या मागवता!" सगळे हसले. मीही हसलो, पण जरा ओशाळून. त्याच आठवड्यात माझ्या दाराशी तीन खोकी येऊन पडली होती.

काकांचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. मी पडलो संगणक अभियंता, अर्थशास्त्राशी माझा संबंध पगाराच्या चिठ्ठीपुरता. तरीही या पानावर तो प्रश्न मांडावासा वाटला, कारण तो पैशाचा आहे तसाच आरोग्याचाही आहे.

माझे घर एल्झासश्ट्रासेपासून चालत पाच मिनिटांवर. आपल्यापैकी अनेकांना हा रस्ता माहीत आहे तो तिथल्या तुर्की भाजीवाल्यांमुळे. मूठभर नव्हे, चांगली जाडजूड कोथिंबिरीची जुडी तिथे मिळते. आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी येते तेव्हा हा रस्ता तिचा असतो. तिला मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. पण नुसते चालण्यासाठी चालणे तिला जमत नाही. तिला काम लागते. म्हणून सकाळी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जायचे, तिथल्या बाकावर टेकायचे, येताना भाजी आणायची, असा तिचा नेम होता. जर्मनचा एक शब्द येत नसताना तिसऱ्या आठवड्यात भाजीवाला तिला ओळखू लागला होता.

मग ते औषधांचे दुकान बंद झाले. पुढच्या खेपेला आली तेव्हा आई दोन दिवस गेली आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या वाटेवरून परतली. म्हणाली, "तिकडे आता आहे काय रे?" भाजी मग मीच संध्याकाळी आणू लागलो. एक दुकान बंद पडले आणि शेजारच्या भाजीवाल्याचे रोजचे एक गिऱ्हाईक गेले, ते असे. आईची साखर त्या खेपेला वाढली, त्याचे सगळे खापर मी रस्त्यावर फोडणार नाही. पण तिचे चालणे थांबले हे खरे.

आमच्याच कोपऱ्यावर असे घडले असे नाही. २००८ साली जर्मनीत सुमारे २१,६०० औषधांची दुकाने होती. २०२४ च्या अखेरीस १७,०४१ उरली. दुकानांचा रस्ता आमच्या भाषेत सांगायचे तर एकमेकांवर अवलंबून असलेल्या भागांचा संच असतो. एक भाग काढला की बाकीचे लगेच कोसळत नाहीत, पण प्रत्येकाचा आधार थोडा कमी होतो. आणि पूर्व आखनला आधार कमी होण्याची कारणे बरीच झाली. रोथे एर्डेमधला काँटिनेंटलचा टायरचा कारखाना बंद करण्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले आणि २०२२ च्या अखेरीस तो बंद झाला. सुमारे १,८०० लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. पाळी संपवून घरी जाताना पाव, भाजी, वर्तमानपत्र घेणारी ही माणसे. तिकडे आडाल्बर्टश्ट्रासेच्या टोकाला ऑक्टोबर २०१५ मध्ये आक्विस प्लाझा हा मोठा मॉल उघडला. शिवाय घरबसल्या खरेदी आहेच, आणि त्यात मीही आलो.

आता काकांच्या मुद्द्याकडे वळू. सरकारने पैसे का घालावेत?

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रश्न नवा नाही आणि फक्त जर्मनीतला नाही. पुण्याची मंडई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. ती बांधायला नगरपालिकेने पैसे खर्च करावेत का, यावर त्या काळी वाद झाला होता. नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. बाजार तरीही बांधला गेला, १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून सुरू झाला आणि पुढे त्यालाच महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. मला या गोष्टीत दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. सार्वजनिक पैसा कोणाच्या उपयोगाचा, हे विचारलेच पाहिजे, हा फुल्यांचा आग्रह बरोबर होता. आणि मंडई आजवर टिकली ती तिथे रोजची भाजी मिळते म्हणून. इमारतीची शोभा ही नंतरची गोष्ट.

दुसरी गोष्ट आकड्यांची. जर्मनीत वस्त्यांच्या सुधारणेसाठी केंद्राचा निधी १९७१ च्या कायद्यापासून आहे. साधारणतः केंद्र, राज्य आणि नगरपालिका असे तीन वाटे असतात. अडचणीतल्या वस्त्यांसाठी आपल्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्याने १९९३ मध्ये स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. केंद्राचा 'सोत्सियाले श्टाट' हा कार्यक्रम १९९९ चा, त्याचे नाव २०२० मध्ये बदलले. २०२४ साली या सगळ्या नगरसुधारणेसाठी केंद्राची तरतूद ७९ कोटी युरो होती. साडेआठ कोटींच्या आसपासच्या देशात ही रक्कम माणशी वर्षाला साडेनऊ युरोही होत नाही. काका, दोघांच्या कॉफी-केकला याहून जास्त लागतात.

तेव्हा पैसा फार जातो हे माझे दुखणे नाही. तो चुकीच्या जागी जातो, हे आहे. दुकानांचा रस्ता सुधारायचा म्हटले की सर्वांना आधी फरशी, दिवे आणि कुंड्या आठवतात. फोटो चांगला येतो, फीत कापता येते. ब्रिटनमध्ये २०१२ साली १२ गावांच्या बाजारपेठांना मिळून सुमारे १२ लाख पौंड दिले गेले. म्हणजे गावाला लाखभर पौंड. त्यातून जत्रा, सजावट, प्रसिद्धी असे प्रकार झाले. पण दुकानाचे भाडे आणि स्थानिक कर होते तिथेच राहिले. दुकानदाराला छळणाऱ्या गोष्टीला हात न लावता त्याच्या दारासमोर कुंडी ठेवली तर तो कुंडीलाच पाणी घालत बसणार!

आखनमध्ये मला पटलेला खर्च वेगळा आहे. हे गाव एके काळी सुयांसाठी प्रसिद्ध होते. ओस्टफिर्टेलमधल्या राइखस्वेगवरच्या जुन्या सुयांच्या कारखान्यात, नाडेलफाब्रिकमध्ये, आता लोकांच्या उपयोगाची कार्यालये आणि सभागृहे आहेत. उत्तरेकडे टालश्ट्रासेवरच्या जुन्या ट्रॅम डेपोत वस्तीचे वाचनालय आणि कलाकारांच्या कार्यशाळा आल्या. अशा ठिकाणी माणूस काहीतरी कामासाठी जातो, आणि काम संपले की त्याला तहान लागते, पावाची आठवण होते. दुकानाला अनुदानापेक्षा दारावरून जाणारी पावले हवी असतात. वाचनालय, दवाखाना, पाळणाघर, बसचा थांबा हे सगळे पावले आणतात.

उरला भाड्याचा प्रश्न. आपल्या राज्याने २०२० मध्ये रिकाम्या दुकानांसाठी एक तातडीची योजना काढली होती. तिचे गणित असे: समजा दुकानाचे जुने भाडे महिना १,००० युरो आहे. मालकाने ३० टक्के सोडून ७०० वर राजी व्हायचे. नगरपालिकेने ते ७०० ला भाड्याने घ्यायचे आणि नव्या दुकानदाराला जुन्या भाड्याच्या २० टक्क्यांनी, म्हणजे २०० ला द्यायचे. मधले ५०० सार्वजनिक पैशातून. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे.

कल्पना चांगलीच होती. पण आमच्या ओळखीच्या एका जोडप्याची वही मी पाहिली आहे. वडापाव, खिचडी, चहा असे छोटे दुकान काढायचे त्यांच्या मनात होते. वहिनींच्या हातची चव मंडळाला माहीत आहे. त्यांनी पाहिलेली जागा कोणत्याच योजनेत बसत नव्हती, पण बसली असती तर काय झाले असते हेही आम्ही मांडून पाहिले. २०० युरो भाड्यात दुकान सहज चालले असते. पंचविसाव्या महिन्यात भाडे एकदम ७०० झाले असते, किंवा मालकाच्या मर्जीने १,०००. खाण्याच्या दुकानाला दोन वर्षांत नाव होते, पण साठा होत नाही. दादांनी वही मिटली आणि सात वर्षांची शिल्लक मुदत ठेवीत ठेवली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

आता माझे गणित पाहा. दोन वर्षे महिना ५०० म्हणजे सार्वजनिक पैसा १२,००० युरो. तेवढाच पैसा चार वर्षांत उतरता वाटला तर? पहिल्या वर्षी दुकानदाराने ३०० द्यावे, दुसऱ्या वर्षी ४००, तिसऱ्या वर्षी ५००, चौथ्या वर्षी ६००. सरकारचा भार महिना ४००, ३००, २००, १००. बेरीज करून पाहा, बरोबर १२,००० येते. पाचव्या वर्षी दुकानदार ७०० देऊन स्वतःच्या पायावर उभा. एक छदामही जादा नाही, फक्त कड्याच्या जागी पायऱ्या आल्या. मालकाने तेवढी वर्षे ७०० वर राहण्याचा करार करायचा, ही अट. रिकाम्या काचेपेक्षा त्यालाही ते परवडावे.

तुम्ही म्हणाल, आपल्याला इथे विचारतो कोण? युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना नगरपालिकेला मत देता येत नाही, हे खरे. पण कर आपण देतो. आपल्या प्राप्तिकरातून १५ टक्के वाटा गावोगावच्या नगरपालिकांकडे जातो. आणि दोन दारे आपल्यासाठी उघडी आहेत. एखाद्या भागाचा बांधकाम आराखडा बदलायचा असेल तर तो लोकांसमोर ठेवावा लागतो आणि त्यावर कोणीही लेखी मत देऊ शकतो. शिवाय राज्याच्या नगरपालिका कायद्याच्या कलम २४ नुसार गावातल्या रहिवाशाला परिषदेकडे लेखी सूचना किंवा तक्रार देता येते. त्यासाठी जर्मन पासपोर्ट लागत नाही. आपण करविवरणाची चाळीस पाने भरतो, मग एक पानी पत्र अवघड का वाटावे?

भाड्याच्या पायऱ्यांचे हे गणित आणि आमच्या भागात दवाखाना वा औषधांचे दुकान आणण्याला अग्रक्रम द्यावा, अशी सूचना मी लिहायला घेतली आहे. माझे जर्मन कामापुरतेच आहे. कोणी तपासून दिले तर आभारी राहीन. सह्या करायला कोण कोण तयार आहे, तेही कळवा. काकांनी सही केली नाही तरी चालेल, पण त्यांनी पत्रातल्या चुका काढाव्यात, त्या ते नक्की काढतील.

आई मे महिन्यात पुन्हा येते आहे. तोवर मी एवढे ठरवले आहे की भाजी आणि पाव खोक्यातून मागवायचे नाहीत, शनिवारी चालत जाऊन आणायचे. भाजीवाला परवा विचारत होता, "मामा कधी येणार?" आईला तुर्की-जर्मनमध्ये मामा म्हणतात, हे तिला अजून सांगितलेले नाही.