दोन रॉबर्ट्स आणि आमचा अर्ज

'मिस्टर रॉबर्ट्स' हा 1955 सालचा अमेरिकन सिनेमा विनोदी म्हणून ओळखला जातो, आणि तो विनोदी आहेच. दुसरं महायुद्ध चालू आहे आणि लढाईपासून लांब, पॅसिफिकमध्ये नौदलाची एक मालवाहू बोट फिरते आहे. माल काय, तर टूथपेस्ट आणि टॉयलेट पेपर. हा माल सर्वात जास्त पोचवल्याबद्दल ॲडमिरलने दिलेलं ताडाचं झाड कप्तान कुंडीत जपतो. माणसांना मात्र किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाही. जेम्स कॅग्नीने हा कप्तान असा उभा केलाय की आपल्या कुठल्याही तालुका कचेरीत त्याला खुर्ची मिळावी.

पण मला या सिनेमात हसण्यापेक्षा अर्ज महत्त्वाचा वाटतो. रॉबर्ट्सला (हेन्री फोंडा) लढाऊ बोटीवर जायचं आहे. तो आठवड्यामागून आठवडे बदलीचे अर्ज लिहितो. अर्ज कप्तानामार्फतच वर जाणार, आणि कप्तान प्रत्येकावर नकाराचा शेरा मारणार. शेवटी खलाशीच कप्तानाची खोटी सही करायची स्पर्धा लावतात, आणि त्या सहीवर बदली होते. पुढे रॉबर्ट्स लढाईत मरतो, प्रेक्षक रडतो. लढायला जाऊ द्या म्हणून कागद लिहिणारा माणूस जगभर नायक ठरला.

आमच्या इतिहासातही एक रॉबर्ट्स आहे. तो अर्जदार नव्हता, शेरा मारणाऱ्यांच्या बाजूचा होता. लॉर्ड रॉबर्ट्स 1885 ते 1893 या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता. जन्मानेच काही जाती लढाऊ आणि बाकीच्या नालायक, हे त्याचं ठाम मत. मनुस्मृतीला इंग्रजी गणवेश चढवला की जे तयार होतं ते हेच. त्याच काळात लष्करात महारांची भरती बंद झाली. 1818 च्या लढाईतल्या ज्यांची नावं कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कोरली आहेत, त्यांच्या नातवंडांना सांगण्यात आलं की तुम्ही लढाऊ नाही.

मग अर्ज सुरू झाले. आपल्या शिरवळहून पुण्याकडे निघालं, कापूरहोळला उजवीकडे वळलं की नारायणपूरवरून सासवड येतं. तिथे 1902 साली शिवराम जानबा कांबळे यांनी एकावन्न गावांच्या महारांची सभा घेतली. तिथून दीड हजारांवर सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे गेला. 1910 मध्ये कांबळेंनी थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पोलीस, लष्कर आणि सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा आम्हाला खुल्या करा, एवढीच मागणी. खालच्या जागा!

आमचेच काही तरुण मित्र हे वाचून खजील होतात. इंग्रजांच्या चाकरीसाठी कशाला हात पसरायचे, असं विचारतात. प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. सिनेमातल्या रॉबर्ट्सला लढाई हवी होती. सासवडला जमलेल्यांना लढाईची हौस नव्हती. गावात राहिलं तर येसकराची काठी, मेलेलं ढोर ओढणं आणि दारोदार भाकरी मागणं. पलटणीत गेलं तर ठरलेला पगार, पेन्शन आणि शाळा. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांचा मुलगा 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाला. भरतीचं दार बंद होण्यापूर्वी रामजी आत गेले होते, म्हणून ती वही-पाटी त्या घरात आली. बंद झालेल्या दाराबाहेर असे किती भीमराव राहिले, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आता बोटीकडे परत येऊ. या बोटीवरचे नाव-गाव असलेले सगळे गोरे आहेत. खरं नौदल तसं नव्हतं. 1942 पर्यंत तिथे काळ्या माणसाची जागा बहुतेक भटारखान्यात, अधिकाऱ्यांना जेवण वाढायला होती. पुढे दार उघडलं तेव्हा अनेकांच्या वाट्याला हमाली आली. कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो बंदरात बोटींवर दारूगोळा चढवणारे खलाशी काळे, हुकूम देणारे अधिकारी गोरे. 17 जुलै 1944 ला स्फोट झाला. 320 माणसं मेली, त्यातली 202 काळी. वाचलेल्यांना काही आठवड्यांतच पुन्हा तेच काम सांगितलं. त्यांनी नकार दिला, तर पन्नास जणांवर बंडाचा खटला चालवून शिक्षा दिल्या. 2024 च्या 17 जुलैला अमेरिकेच्या नौदलाने त्यांना निर्दोष ठरवलं. ऐंशी वर्षांनी! तीही मालवाहतूकच होती, तेच युद्ध होतं, तोच पॅसिफिक होता. पण त्यावर विनोदी सिनेमा निघाला नसता. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं, ते उगाच नाही.

आमच्या अर्जाचं पुढे काय झालं? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, 1921 मध्ये मोडली. दुसऱ्या युद्धात बाबासाहेबांनी पुन्हा तीच मागणी लावून धरली आणि ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. म्हणजे शेरा बदलला तो युद्ध आलं म्हणून. न्यायबुद्धी जागी झाली म्हणून नव्हे.

आज आपल्या पोरांचा अर्ज शिरवळच्या एमआयडीसीच्या गेटवर जातो. खासगी कारखाना, आरक्षणाचा कायदा तिथे लागू नाही. अर्ज ज्याच्यामार्फत जायचा तो लेबर कॉन्ट्रॅक्टर. सिनेमातला कप्तान निदान 'नाही' असं लिहून कागद वर पाठवत होता, आणि कांबळेंचे अर्ज सरकारदरबारी दप्तरात तरी लागले. कॉन्ट्रॅक्टर फोन नंबर लिहून घेतो आणि कळवतो म्हणतो. जात विचारली की नाही, हे कुठल्याच कागदावर नसतं. म्हणून खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाच्या मागणीबरोबर आणखी एक मागणी जोडली पाहिजे: अर्जाची पोच द्या, आणि नाकारला तर कारण लेखी द्या.