घर नावावर करून देण्यापूर्वी



घरातले वडील माणूस गेले, की जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आपण ऐपतीप्रमाणे नीट पार पाडतो. नातेवाईक येतात, चार चांगले शब्द बोलून जातात. त्यानंतर ट्रंक उघडली जाते आणि पासबुक, विम्याचा कागद, घरफाळ्याच्या पावत्या यांची शोधाशोध सुरू होते. कागद सापडत नाहीत, सापडले तर नावे जुळत नाहीत आणि सख्खी भावंडे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. याहून वाईट प्रकार माणूस जिवंत असताना घडतो. हाडाची काडे करून बांधलेल्या दोन खोल्या आई-वडील मुलाच्या नावावर करून देतात आणि पुढे त्याच घरात त्यांना पाठ टेकायला जागा राहत नाही. आजच्या लेखात आपण मुख्यतः याच गोष्टीचा विचार करणार आहोत.

मी वकील नाही, कारकून आहे. पण कागद वाचून दाखवण्यासाठी वस्तीतील माणसे येतात. कोणी शाहू मिलमध्ये जन्म घालवलेले, कोणी महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले, कोणी उद्यमनगरात भट्टीपुढे राबलेले. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "पोरगं म्हणतंय घर नावावर करून द्या. देऊ का?"

बक्षीसपत्र वेगळे, मृत्युपत्र वेगळे

हा फरक प्रत्येकाने पक्का ध्यानात ठेवावा. बक्षीसपत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली, की घर त्याच दिवशी दुसऱ्याचे होते. नंतर मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागते. नोंदणीचा व इतर खर्च वेगळा. ही सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळेच "खर्च काही नाही, चला उरकून टाकू" असे म्हणून म्हाताऱ्या माणसाला रिक्षात बसवून कचेरीत नेणेही सोपे झाले आहे.

मृत्युपत्राचे तसे नाही. ते लिहिणारा माणूस गेल्यावरच अमलात येते. तोपर्यंत घर त्याचेच राहते आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावरही चालते. सही येत नसेल तर अंगठा चालतो. मात्र दोन साक्षीदारांनी ती सही किंवा अंगठा प्रत्यक्ष पाहून लिहिणाऱ्याच्या समोर सह्या करायला हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी. ज्याला घर मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नये. शक्य असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा, म्हणजे पुढे "म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर नव्हते" असे म्हणायला कोणाला जागा उरत नाही.

म्हणून माझे सांगणे स्पष्ट आहे. मुलांना जरूर द्या, पण आपल्या पश्चात द्या. डोक्यावरचे छप्पर जिवंतपणी आपल्याच नावावर राहू द्या. मुलावर अविश्वास दाखवण्यासाठी मी हे सांगत नाही. मुलगा चांगला असला तरी त्याची नोकरी जाते, त्याच्यावर कर्ज होते, तो अकाली मरतोही. घर त्याच्या नावावर असेल तर त्याचे देणेकरी त्याच घरावर येतात.

लिहून दिलेच असेल तर

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला आणि महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. त्याचे कलम २३ आपल्या कामाचे आहे. ६० वर्षे पूर्ण झालेल्या माणसाने 'मला सांभाळावे' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

येथे 'अट' हा शब्द महत्त्वाचा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे, नुसते घर दिले एवढे पुरेसे नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे म्हटले. त्या मुलाने 'आईला अखेरपर्यंत सांभाळीन' असे वचनपत्र लिहून दिलेले होते. आईला घर परत मिळाले. तेव्हा कोणी बक्षीसपत्र करणारच असेल, तर त्याच दस्तात स्पष्ट लिहून घ्यावे, की देणाऱ्यास व त्याच्या पत्नीस हयातभर या घरात राहण्याचा हक्क आहे आणि अन्न, वस्त्र, औषधपाणी पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. ही चार ओळींची अट पुढे चार वर्षांचा मनस्ताप वाचवते.

घर नावावर ठेवण्याचा फायदा काय, हे मुंबईतील एका प्रकरणावरून समजते. ८० वर्षांचे वडील आणि ७८ वर्षांची आई. मुंबईत त्यांनी घेतलेल्या दोन जागा. दोघे उत्तर प्रदेशात राहायला गेले, तेव्हा थोरल्या मुलाने जागांचा ताबा घेतला आणि आई-वडिलांना तेथे पाऊल ठेवू दिले नाही. न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये हुकूम दिला, की जागा मोकळी करून द्या आणि दरमहा ३ हजार रुपये निर्वाहासाठी द्या. मुलगा उच्च न्यायालयात गेला आणि म्हणाला, "मीही आता ज्येष्ठ नागरिक आहे." तेथे त्याचे चालले. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अर्ज केला त्या दिवशीचे वय धरायचे, त्या दिवशी तो ५९ वर्षांचा होता. जागा खाली करण्याचा हुकूम कायम झाला. ध्यानात घ्या, त्या म्हाताऱ्याने जागा मुलाला लिहून दिलेली नव्हती, म्हणून तो मालक म्हणून उभा राहू शकला.

निर्वाहासाठी अर्ज

या कायद्याचे न्यायाधिकरण म्हणजे आपले प्रांत ऑफिस. कोल्हापूर शहर व करवीर तालुक्यातील माणसाने करवीर प्रांताधिकाऱ्यांकडे जावे. इचलकरंजी, गडहिंग्लज भागातील लोकांनी आपापल्या प्रांताकडे जावे. अर्ज स्वतः करता येतो. प्रकृती साथ देत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देऊन त्यांच्यामार्फत करता येतो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. निर्वाहाची रक्कम दरमहा १० हजार रुपयांपर्यंत मिळू शकते. हुकूम होऊनही पैसे दिले नाहीत तर वॉरंट निघते, एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आई-वडिलांना वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा असून त्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हा पातळीवर अपील करावे. त्यापुढे उच्च न्यायालयात जाण्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

मूलबाळ नसलेल्यांनीही निराश होऊ नये. ज्या नातेवाइकाच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा वारसाने ज्याला ती मिळणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागता येतो.

दुसरा मार्ग फौजदारी कोर्टाचा. पूर्वीचे कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. जबाबदारी मुलावरच असते असे मात्र नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी केलेल्या अर्जात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की लग्न झालेली, स्वतः कमावती मुलगीही आई-वडिलांना सांभाळण्यास बांधील आहे.

एक इशाराही देतो. काही घरांत सुनेला बाहेर काढण्यासाठी मुलगाच आई-वडिलांना पुढे करतो व हा अर्ज करायला लावतो. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सुनेचा सासरच्या घरात राहण्याचा हक्क अशा रीतीने डावलता येणार नाही. म्हाताऱ्यांसाठी केलेला कायदा कोणाच्या लेकीविरुद्ध वापरू नये.

आपण बौद्ध, मग वारसा कोणत्या कायद्याने?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या चार महिने आधी. नाव हिंदू असले तरी तो बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे, असे त्याच्या कलम २ मध्येच लिहिले आहे. मुलीला वारसा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी केवढी झुंज दिली आणि १९५१ साली मंत्रिपद कसे सोडले, हे आपण जाणतो. त्याच विचारातून आलेला हा कायदा आहे.

पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. आईचा वाटा आपण विसरतो. तरणाताठा मुलगा गेला, की त्याच्या म्हाताऱ्या आईला कोणी मोजत नाही, पण कायदा मोजतो. तसेच बहिणींकडून हक्कसोडपत्रावर घाईने सह्या घेऊ नयेत. बहिणींनीही वाचल्याशिवाय सही करू नये.

आणखी चार गोष्टी

बँकेतील नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, पण त्याने ते वारसांना द्यायचे असतात. तसेच घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. प्रॉपर्टी कार्ड किंवा गावचा उतारा काढून कोणाचे नाव लागले आहे ते पाहा. आजोबांचेच नाव असेल तर सर्व वारसांची नोंद करून घ्या.

मुखत्यारपत्र देणारा माणूस मेला किंवा त्याची बुद्धी गेली, की ते मुखत्यारपत्रही संपते. त्यानंतर त्यावर केलेला व्यवहार अंगाशी येतो.

अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराला सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी एक बँकेचा अधिकारी, अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय आहे. ७० वर्षांवरील व आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. शाखेत जाऊन लेखी मागणी करा.

आणि विसरभोळेपणाचा आजार वाढण्याआधी कागद पुरे करा. माणसाला समजेनासे झाल्यावर घेतलेला अंगठा कायद्याने टिकत नाही. मग पालक नेमून घेण्यासाठी कोर्टात जावे लागते.

खर्चाची भीती बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे, म्हणून जातीचा दाखला सोबत न्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय कसबा बावडा येथील जिल्हा न्यायालयात आहे. फोनसाठी १५१०० हा क्रमांक आहे. ज्येष्ठांसाठी वेगळी मदतवाहिनी १४५६७ वर आहे. दोन्ही फोन मोफत आहेत.

येत्या रविवारी एवढेच करा. आई-वडिलांजवळ बसा. सर्व भावंडांना, लग्न झालेल्या बहिणींनाही बोलवा. कागद एका पिशवीत गोळा करा आणि "तुमच्या मनात काय आहे?" असे त्यांना विचारा. ते सांगतील तसेच लिहून घ्या, आपल्या मनातले त्यांच्या तोंडी घालू नका. आणि घर त्यांच्याच नावावर राहू द्या. तुमच्या वाट्याचे तुम्हाला पुढे मिळणारच आहे.