बुलढाण्याच्या बालकांचा हिशेब मागायचा कोणाकडे?

बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. त्या महिन्यात जिल्ह्यात जन्मलेले बाळ आज अंगणवाडीत जाते. दोन-अडीच वर्षांत ते पहिलीत बसेल. त्याचे लसीकरण झाले, वजन झाले, आहाराची पाकिटे घरी आली किंवा आली नाहीत. या सगळ्या काळात त्याच्या गटातून निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य मात्र एकदाही नव्हता.

आपल्याकडे निवडणुकीची चर्चा तिकिटांची, आरक्षणाच्या सोडतीची आणि कोण कोणासोबत गेले याची होते. निवडणूक नसण्याची किंमत कोणी मोजली, ही चर्चा होत नाही. ही किंमत सर्वांत जास्त त्यांनी मोजली, ज्यांना मत नाही. म्हणजे सहा वर्षांखालील मुलांनी.

निवडणूक थांबली, म्हणजे नेमके काय थांबले?

संविधानाचा अनुच्छेद २४३-ई स्पष्ट आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. प्रत्यक्षात ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ओबीसी आरक्षणाच्या आकडेवारीचा प्रश्न उभा राहिला. ते प्रकरण आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातूनच गेले होते. पुढे बांठिया आयोग आला, प्रभागरचना बदलली, सरकारे बदलली, तारखा पडत गेल्या. दोष ओबीसी आरक्षणाचा नाही. वेळेत आकडेवारी गोळा न करणाऱ्या सरकारांचा आहे. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. नगरपालिकांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. जानेवारी २०२६ मध्ये १२ जिल्हा परिषदांचा कार्यक्रम जाहीर झाला, त्या यादीत बुलढाणा नव्हता.

जिल्हा परिषद कायदा १९६१ चा. त्यात महिला व बालकल्याण समिती आहे, समाजकल्याण समिती आहे, आरोग्य समिती आहे, शिक्षण समिती आहे. समितीत सदस्य विचारतो, "माझ्या गटातल्या अमुक गावाच्या अंगणवाडीला छत कधी?" अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते आणि ते इतिवृत्तात येते. प्रशासकाच्या काळात मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक असतो. सभागृहाचे आणि समित्यांचे अधिकार त्याच्याकडेच जातात. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. अधिकारी चांगला असेल तर कामे होतात, पण चांगला अधिकारी बदलून जातो. जिल्ह्याचा कारभार एका माणसाच्या चांगुलपणावर सोडणे ही लोकशाही नव्हे.

जिल्हा नियोजन समितीचे तसेच झाले. अनुच्छेद २४३-झेडडी प्रमाणे या समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायचे असतात. दोन्हीकडे प्रशासक असताना ते येणार कुठून? उरले पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. बुलढाण्याची जवळपास चार-पंचमांश लोकसंख्या ग्रामीण आहे. आता नगरपालिकांत सदस्य आले, तरी या ग्रामीण जनतेचे बाक रिकामेच राहतात. वार्षिक योजना मात्र दरवर्षी मंजूर होते.

पैसा आहे, विचारणारा नाही

"निधी नाही" हे उत्तर आपण फार लवकर मान्य करतो. मुलांसाठीचा पैसा कुठे-कुठे आहे ते पाहू.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणावर १० टक्के, मागासवर्गीयांवर १५ टक्के आणि दिव्यांगांवर ५ टक्के खर्च करायचा असतो. समजा, गावाचे घरपट्टी-पाणीपट्टीचे उत्पन्न पाच लाख आहे. मग वर्षाला ५० हजार महिला व बालकांचे, ७५ हजार मागासवर्गीयांचे. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातही महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि समाजकल्याणासाठी २० टक्के राखीव असतात. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी ३ टक्के निधी ठेवण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२१ मध्ये घेतला. त्याशिवाय वित्त आयोगाचा निधी आहे.

आता एका अंगणवाडीचा कारभार पाहा. जागा ग्रामपंचायतीची, इमारत बांधकाम विभागाची, नळ पाणीपुरवठ्याचा, आहार बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या अखत्यारीत, तपासणी आरोग्य केंद्राची. कामानिमित्त वस्त्यांमध्ये फिरताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. छत गळत असेल तर प्रत्येक कार्यालयात दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगितले जाते. या पाचही विभागांना एका बैठकीत समोरासमोर बसवण्याची जागा म्हणजे जिल्हा परिषदेची समिती. तीच बंद होती.

हिशेब तयार होत नाही असे नाही. तो फक्त वरच्या दिशेने जातो. अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकरवर मुलाचे वजन भरते. तो आकडा दिल्लीपर्यंत पोहोचतो, गावाच्या ग्रामसभेत मात्र कोणी वाचून दाखवत नाही. जुलै २०२५ पासून घरपोच आहार घेताना लाभार्थीचा चेहरा मोबाईलवर ओळखावा लागतो. पाकीट घेणाऱ्या बाईची खात्री पटवायला यंत्र आले. पाकीट का आले नाही, हे त्या बाईला सांगणारे यंत्र अजून आलेले नाही. अंगणवाडीत शिजवलेल्या आहारासाठी एका मुलामागे दिवसाला ८ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. तेव्हाचा तूरडाळीचा भाव आणि नंतरचा भाव घरातल्या कोणत्याही बाईला विचारा.

४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातील सेविका आणि मदतनीसांनी मानधनासाठी संप केला. तो पन्नास दिवसांहून जास्त चालला. त्यांची मागणी न्याय्य होती. पण त्या पन्नास दिवसांत मुलांच्या आहाराची पर्यायी सोय काय, हे आपल्या जिल्ह्याच्या सभागृहात विचारायला एकही सदस्य नव्हता.

आपल्या जिल्ह्याचे दोन धडे

पहिला धडा मुलींचा. राजमाता जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाचा. त्याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील एक हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ राहिल्या. म्हणून २२ जानेवारी २०१५ रोजी 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या १०० जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव आले. पुढे काय झाले? संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने २०२१ मध्ये नोंदवले की २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटींपैकी ७८.९१ टक्के रक्कम प्रसिद्धीवर खर्च झाली. हा आकडा देशभराचा आहे. या समितीच्या अध्यक्ष सत्ताधारी पक्षाच्याच खासदार होत्या. संसदेत समिती आहे, तिने विचारले, म्हणून हे बाहेर आले. आपल्या जिल्ह्यात किती पैसा फलकांवर गेला आणि किती सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीवर, मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहांवर, हे विचारण्याची जागा जिल्हा परिषद होती.

दुसरा धडा शेगाव तालुक्याचा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडत होते. बाधितांत शाळकरी मुले होती, लग्नाच्या वयाच्या मुली होत्या. सुरुवातीला पाण्याचे नमुने घेतले गेले, आयसीएमआरचे पथक आले. त्यानंतर डॉ. हिमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखला जाणारा हा डॉक्टर सरकारी नोकरीत नाही. केंद्रात आरोग्य राज्यमंत्रिपद आपल्याच जिल्ह्याच्या खासदारांकडे आहे, तरीही गव्हाचा प्रश्न बाहेरच्या माणसाने ऐरणीवर आणावा लागला.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये रेशन दुकानावर देखरेखीसाठी दक्षता समिती सांगितली आहे. त्या गावांतल्या दक्षता समित्यांची बैठक केव्हा झाली होती? गव्हाची तक्रार कोणाकडे नोंदवायची, हे किती घरांना माहीत होते? पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी प्यायले. त्यामुळे आजार आला की पाण्याकडे बोट दाखवण्याची सवयच लागली आहे. रेशनच्या गव्हाकडे लक्ष जायला म्हणूनच वेळ लागला. हाच गहू घरात मुलांच्या ताटात होता.

वस्तीच्या आराखड्यात मूल कुठे आहे?

आता आपल्या वस्त्यांबद्दल बोलू. जिल्ह्यात साधारण सात माणसांमागे एक बौद्ध आहे. बहुतेक गावांत आपली वस्ती गावाच्या कडेला आहे आणि अंगणवाडी गावाच्या मध्यभागी. तीन वर्षांचे मूल स्वतः चालत तिथपर्यंत जात नाही. आई मजुरीला गेली की ते घरीच राहते.

सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी अन्न अधिकाराच्या खटल्यात दोन आदेश दिले. नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे. आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळावी. या आदेशाला जवळपास वीस वर्षे होत आली. आपल्यापैकी किती वस्त्यांनी मुले मोजून असा अर्ज दिला?

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याच्या योजनेतून, जिला अजूनही सगळे 'दलित वस्ती' म्हणतात, सिमेंट रस्ते झाले, समाजमंदिरे झाली, नाल्या झाल्या. ती कामे गरजेची होती. परंतु आराखडा तयार होताना ठेकेदाराला सोयीचे काम आधी येते, आणि आपलेही लक्ष कमानीवर आणि सुशोभीकरणावर जास्त असते. वस्तीतील मुलांचे वजन, पाळणाघर, पिण्याचे पाणी हे विषय आपल्या निवेदनांत शोधावे लागतात.

वरच्या पातळीवर लढाई आहेच. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी वळवता येऊ नये यासाठी कायदा केला. महाराष्ट्रात ही मागणी कायम लावून धरली पाहिजे. पण मुंबईतला निधी वळतो तेव्हा आपण रस्त्यावर येतो, आणि गावातले १५ आणि १० टक्के वळतात तेव्हा आपल्याला कळतही नाही.

ग्रामसभा बरखास्त झालेली नाही

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मोफत शिक्षणाची तरतूद फक्त प्राथमिक शिक्षणापुरती करावी अशी दुरुस्ती आली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. चौदा वर्षांपर्यंतचे प्रत्येक मूल त्या कलमात राहिले, म्हणजे अंगणवाडीच्या वयाचेही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाला मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुले मात्र अनुच्छेद ४५ च्या मार्गदर्शक तत्त्वातच ठेवली. त्यांच्या आहाराला २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कायदेशीर हक्क केले. बाकीचे सारे अजून सरकारच्या इच्छेवर आहे. म्हणून या वयाच्या मुलांसाठी विचारणारा माणूस जास्त लागतो.

तो माणूस जिल्हा परिषदेत नसला तरी ग्रामसभेत असू शकतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. कोरम आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी कमी. कोरम झाला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. कित्येक गावांचे आराखडे असेच मंजूर होतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या सभांतील ठराव, गणपूर्ती आणि मतदानाचे नियम सांगितले होते. त्या संघाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या वस्तीतून पुढच्या ग्रामसभेला किती जण जातील, हा साधा प्रश्न आहे.

जाताना हे पाच प्रश्न लेखी न्या आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा :

१. गेल्या तीन वर्षांत १०, १५ आणि ५ टक्के निधी किती होता आणि कशावर खर्च झाला?
२. गावातील तीव्र आणि मध्यम कमी वजनाची मुले किती? नावे नकोत, संख्या वाचून दाखवा.
३. आपल्या वस्तीत सहा वर्षांखालील मुले किती आणि जवळची अंगणवाडी किती अंतरावर? ४० च्या वर असतील तर मागणीचा ठराव आजच घ्या.
४. ग्राम बाल संरक्षण समिती आणि रेशनची दक्षता समिती यांत कोण आहेत आणि शेवटची बैठक कधी झाली?
५. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली, अहवाल कुठे आहे?

उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, मुदत तीस दिवस. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर मोबाईलवरही दिसतो. पदवीधर तरुणांनी एका रविवारी विहारात बसून तो उघडावा आणि वस्तीतल्या आया-बहिणींना वाचून दाखवावा.

जिल्हा परिषदेची निवडणूक आज ना उद्या होईल. उमेदवार आपल्या वस्तीत येतील, पुतळ्याला हार घालतील, निळा झेंडा हातात घेतील. तेव्हा आपल्या हातात त्या पाच उत्तरांचा कागद असला पाहिजे. त्यांना विचारता येईल की आमच्या वस्तीत ४६ मुले आहेत, अंगणवाडी दीड किलोमीटरवर आहे, ठरावाची तारीख ही आहे. तुम्ही महिला व बालकल्याण समितीत हा विषय कोणत्या महिन्यात मांडणार? आकडे तुमच्या गावाचे टाका. तारीख मात्र त्यांच्याकडून लिहून घ्या.