संकेतस्थळांना सावड हवी

पेरणीचा हंगाम जवळ आला म्हणजे शेतकऱ्यास बियाणे व खत यांच्याइतकीच वेळेवर मिळणाऱ्या माहितीची गरज भासते. पूर्वी अशी माहिती गावात दवंडीने कळे. आज ती शासकीय संकेतस्थळांवर असते. सातबारा महसूल खात्याच्या संकेतस्थळावर, अवजारांच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर, पीकविम्याचा अर्ज केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर आणि पावसाचा अंदाज हवामान खात्याकडे, अशी ही विभागणी आहे. दारे अनेक असली तरी दारात उभा राहणारा शेतकरी एकच आहे, ही गोष्ट संकेतस्थळे चालविणाऱ्यांनी सदैव ध्यानात ठेविली पाहिजे.

पंतप्रधान किसान सन्मान निधीचेच उदाहरण घ्यावे. २०१९ साली सुरू झालेल्या या योजनेत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत मिळतात. त्यासाठी जमिनीची नोंद महसूल खात्याची, ओळख आधारची आणि खाते बँकेचे लागते. या तिन्हींचा मेळ बसला नाही की हप्ता अडतो. प्रत्येक कार्यालयास आपली नोंद बरोबर वाटते. चूक असते ती दोन कार्यालयांमधील बांधावर, आणि त्या बांधाची राखण कोणाकडेच सोपविलेली नसते. हेलपाटे मात्र शेतकऱ्यास पडतात.

जुन्या माहितीचा धोकाही लहान नाही. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा मिळू लागला. ती सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता शेतकऱ्यास विमा संरक्षित रकमेच्या खरिपात २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के या मर्यादेपर्यंत हप्ता भरावा लागतो. एखाद्या कार्यालयाचे जुने पान तारखेवाचून तसेच राहिले, तर ते वाचून शेतकरी एका रुपयाच्या भरवशावर राहील आणि मुदत टळून जाईल.

याचा सारा दोष संकेतस्थळाच्या व्यवस्थापकावर टाकणे न्यायाचे नाही. त्यास मजकूर दुसरी शाखा देते आणि पुष्कळदा उशिरा देते. आदेश कागदाच्या छायाचित्राच्या रूपाने आला तर त्यातील शब्द शोधता येत नाहीत. शेवटच्या दिवशी अर्जांची गर्दी उसळते. बदली झाली की अनुभवही त्याच्याबरोबर जातो. शेजारच्या खात्यातील व्यवस्थापक याच अडचणींशी झगडत असतो, पण दोघांची गाठ क्वचितच पडते.

यावर सर्वांचे मिळून एकच मोठे संकेतस्थळ करावे, असे काही जण सुचवितात. एक दार सोयीचे खरे. परंतु आतील नोंदी विसंगत राहिल्या तर त्या एकाच दारात सर्वांची अडवणूक होईल. म्हणून आधी माणसांचे सहकार्य साधले पाहिजे.

पेरणी साधावी म्हणून गावकरी सावड करतात. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. त्यात कोणाची मालकी जात नाही, काम मात्र वेळेत उरकते. खात्यांनीही तेच करावे. जिल्ह्यातील महसूल, कृषी, सहकार व बँकांच्या व्यवस्थापकांनी हंगामापूर्वी एकत्र बसून मुदती, नियम व नमुने ताडून पाहावेत. प्रत्येक माहितीचा राखणदार एकच खाते असावे आणि इतरांनी तिची नक्कल न करता तिकडे वाट दाखवावी. पानावर अद्ययावत केल्याची तारीख द्यावी आणि मुदत संपलेला मजकूर काढावा. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचाही हाच रोख आहे.

या सावडीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचा वाटा मोलाचा आहे. कोणत्या पानावर शेतकरी अडला, काय समजले नाही, कोणती तारीख चुकीची होती, हे प्रथम त्यासच कळते. त्याने ते लिहून कळवावे आणि व्यवस्थापकाने ठराविक दिवसांत उत्तर द्यावे. शेतकरी बांधवांनीही अडलेल्या अर्जाचा क्रमांक व दिवस टिपून ठेवावा. अशा नोंदी हाती आल्या म्हणजे चूक कोठे आहे याचा वाद न घालता ती दुरुस्त करता येईल.