कंबरदुखीमुळे विसरायला होतं का? जुन्या दुखण्याचा मेंदूवर काय परिणाम होतो?

दूध उतू जातं, मजुरीचा हिशोब चुकतो, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही. साठीतल्या माणसाचं असं झालं की घरचे म्हणतात, "आता वय झालं." पण त्याच माणसाची कंबर कित्येक वर्षं दुखत असेल तर?

भोर हा भाताचा तालुका. लावणीला दिवसभर चिखलात वाकून काम करावं लागतं. त्यामुळे महामार्गालगतच्या कामथडीपासून आतल्या गावांपर्यंत हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दुखणं किती जणांना?

पुणे जिल्ह्यातल्याच भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघरी पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचं दुखणं होतं.

मेंदूत नेमकं काय होतं?

मेंदूची एका वेळी लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असते. सततचं दुखणं त्यातला मोठा वाटा खातं. मग समोरच्याचं बोलणं कानावर पडतं, पण नीट नोंदलं जात नाही. जे नोंदलंच नाही, ते आठवणार कसं?

त्यात दुखण्याने झोप मोडते. दिवसभरातल्या आठवणी पक्क्या व्हायला झोप लागते. उदासीनता आणि प्रीगाबालिन, ट्रामाडॉलसारख्या काही औषधांनीही डोकं जड राहू शकतं.

संशोधन काय सांगतं?

'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये २०१७ साली आलेल्या अभ्यासात साठीपुढच्या १० हजारांहून अधिक अमेरिकनांची माहिती तपासली गेली. सतत दुखणं असलेल्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा ९.२ टक्के वेगाने घटत होती. दुखणं हेच कारण, हे यातून सिद्ध होत नाही. पण संबंध दिसतो.

दिलासाही आहे. २०११ मधल्या कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात कंबरदुखीवर उपचार झाल्यावर मेंदूतले काही बदल पूर्ववत होताना दिसले.

मग करायचं काय?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरांना दुखण्यासोबत विसरणंही सांगा, चालू गोळ्या दाखवा. गोळ्या परस्पर बंद करू नका. ओळखीचा रस्ता चुकणं किंवा अचानक गोंधळणं दिसलं, तर वेगळी तपासणी हवी. लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाय लुळे पडले, तर लगेच रुग्णालय गाठा.

"वय झालं" म्हटलं की उपचारच थांबतात. वय कमी करता येत नाही, दुखणं मात्र बऱ्याचदा कमी करता येतं.