मावशीला शिकवणार कोण?

लातूर-नांदेडकरांचा शिक्षणाचा अभिमान बारावीपासून सुरू होतो. 'लातूर पॅटर्न' अवघ्या महाराष्ट्राला पाठ आहे आणि नांदेडच्या चौकाचौकांत नीटच्या गुणांसह मुलांचे फोटो झळकतात. सतरा वर्षांच्या मुलासाठी इथे क्लास, हॉस्टेल, मेस, अभ्यासिका अशी अख्खी बाजारपेठ उभी आहे. तीन वर्षांच्या मुलासाठी काय आहे? एक अंगणवाडी, एक सेविका आणि एक मदतनीस. यातल्या मदतनिसाबद्दल आपण चकार शब्द काढत नाही. मुलं तिला मावशी म्हणतात, शासन तिला मानधनी म्हणतं. तिला शिक्षिका मात्र कुणीच म्हणत नाही.

सरकारी समजुतीनुसार तिचं काम म्हणजे केंद्र झाडणं, पाणी भरणं, आहार वाढणं, मुलांना घरून आणणं. आता अंगणवाडीतला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सेविका कधी बीटच्या बैठकीला जाते, कधी लसीकरणाला, कधी सर्वेक्षणाला. केंद्रात असली तरी मोबाइलवर माहिती भरत असते. त्या वेळी वीस-पंचवीस मुलांपाशी कोण असतं? मावशी. देगलूर-बिलोलीकडे मुलाच्या तोंडी तेलुगू असते, उदगीर-देवणीकडे कन्नड, किनवट-माहूरच्या तांड्यापाड्यांवर गोरमाटी, गोंडी, कोलामी. घरोघर जाऊन मुलं गोळा करणाऱ्या बाईला त्या घरांची बोली कळते. घरची भाषा आणि शाळेची मराठी यांच्यातला पहिला पूल अनेकदा तीच बांधते. तिचं शिकवणं रोज घडतं, पण ते शिकवणं मानलंच जात नाही.

अंगणवाडीची कल्पना याच राज्यात रुजली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं, असा त्यांचा विचार होता. १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली. अंगण देशभर पोहोचलं, पण त्यातली शाळा खिचडीच्या पातेल्यामागे गेली.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: 'त्या शिकलेल्या नसतात हो.' हा युक्तिवाद आता शासनानेच निकालात काढला आहे. नव्या भरतीत मदतनिसालाही बारावी उत्तीर्ण असण्याची अट आहे. बारावी झालेली मुलगी हवी, पण तिच्या हाती झाडूच द्यायचा, हा कुठला न्याय? बरं, राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० काय सांगतं? बारावी झालेल्या अंगणवाडी कार्यकर्तीसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेलीसाठी एक वर्षाची पदविका. म्हणजे सातवी शिकलेलीसुद्धा शिकू शकते, हे धोरणाला मान्य आहे. मग त्या वर्गात मावशीला हक्काची जागा का नको?

बढतीची गोष्ट तर याहून विचित्र आहे. २०२२च्या सक्षम अंगणवाडी व पोषण २.० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची निम्मी पदं पाच वर्षं काम केलेल्या, बाकी अटी पूर्ण करणाऱ्या मदतनिसांमधून भरायची आहेत. तरतूद चांगलीच आहे. पण पाच वर्षं जिला शिकवण्याचं कुणी शिकवलं नाही, ती सहाव्या वर्षी एकदम वर्ग कसा सांभाळणार? आणि तिला जमलं नाही की खापर पुन्हा तिच्याच माथी.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो. फॉर्ममध्ये ज्याला रकाना नाही, ते काम वरच्या कचेरीच्या लेखी झालेलंच नसतं. पोषण ट्रॅकर २०२१मध्ये आला. वजन, उंची, हजेरी, आहार यांचे आकडे वर जाऊ लागले आणि प्रशिक्षणाचा वेळ अ‍ॅप कसं चालवायचं हे सांगण्यात जाऊ लागला. आकडे हवेतच, कुपोषण अंदाजानं हटत नाही. पण रडणारं मूल गप्प करून त्याला पहिलं गाणं म्हणायला लावणं, याचा आकडा होत नाही. ते कसब दुसऱ्या जाणत्या बाईकडून, समोर बसून, वारंवार करूनच येतं. बटणं दाबायला शिकवणं म्हणजे शिक्षिका घडवणं नव्हे.

पैशांचं बोलायलाच हवं. केंद्राचं मदतनिसाचं मानधन २०१८पासून महिना २,२५० रुपये. राज्याची भर धरून महाराष्ट्रात ते २०२३मध्ये ५,५०० झालं. त्याच डिसेंबरात संप सुरू झाला, तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. २०२४मध्ये आणखी वाढ जाहीर झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये सेविका आणि मदतनीस दोघींना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आणि हे काम अर्धवेळ असल्याचा दावा नाकारला. तरी 'मानधन' हा शब्द हटत नाही, कारण त्यात मान आहे असं भासवून धन कमी देता येतं.

मागण्या साध्या आहेत. मावशीच्या कामाच्या यादीत 'मुलांना शिकवणं' हे लेखी यावं. वर्षातले ठरावीक दिवस तिचं प्रशिक्षण बालशिक्षणाचंच असावं, भरपगारी असावं, तालुक्याच्या ठिकाणी असावं. पूर्ण केलेल्या प्रत्येक टप्प्याला वाढ मिळावी. जिल्हा परिषदेला हे अवघड नाही. दोन्ही जिल्ह्यांत शिकवण्याचा धंदा जाणणारी माणसं कमी आहेत का?

बारावीच्या निकालाचे फलक लावायला आपल्याला पैसा मिळतो. ज्या बाईनं त्या मुलाला पहिल्यांदा रांगेत बसवलं, तिच्या शिकण्यासाठी मिळत नाही. पाया घालणारीला वाऱ्यावर सोडायचं आणि कळसाचे फोटो छापायचे, याला पॅटर्न म्हणत असतील, तर तो बदललेला बरा.